बाईकचा टॅक्स: कुठे गपचूप भरायचा, कुठे हिशोब मागायचा आणि भांडायचं कुणाशी

वरळी नाक्यावरून फोर्टला माझं ऑफिस, रोजची बाईक. हाजी अलीच्या सिग्नलला उभा असतो तेव्हा उजव्या हाताला कोस्टल रोडवर गाड्या सुसाट जात असतात आणि आम्ही बाईकवाले पेडर रोडच्या चढाला पहिल्या गिअरमध्ये रांगतोय. कोस्टल रोडवर दुचाकीला बंदी. सी लिंकवर २००९ पासून बंदी, अटल सेतूवर बंदी, ईस्टर्न फ्रीवेवर बंदी, जेजे फ्लायओव्हरवर बंदी, पुण्याला जायचं तर एक्स्प्रेसवेवर पण बंदी. वारा, स्पीड, वळणं ही कारणं मला पटतात, मला काही त्या पुलावरून समुद्रात उडायचं नाहीये. पण शोरूममध्ये टॅक्स घेताना कोणी म्हणत नाही की बाबा निम्मे चांगले रस्ते तुला बंद आहेत, तर जरा कमी घेतो. तिथे टक्क्याला टक्का.

हा राग सगळ्यांनाच असतो, पण तो निघतो चुकीच्या माणसावर, म्हणजे आरटीओच्या खिडकीतल्या क्लार्कवर किंवा शोरूममधल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरावर. त्यांच्या हातात काही नसतं (पोराच्या हातात थोडं असतं, ते पुढे सांगतो). दोन गाड्यांच्या कटकटीतून मी जे शिकलो ते लिहितोय, नवीन बाईक घेताय किंवा घरी जुनी स्कूटर पडलीये तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी, शोरूममध्ये तुम्हाला जो ‘ऑन-रोड’ आकडा सांगतात ना, तो आकडा ऐकूनच घ्यायचा नाही. सरळ म्हणायचं, दादा मला ब्रेकअप द्या, कागदावर, शिक्का मारून. वहीच्या पानावर पेनने लिहिलेलं चालणार नाही आणि व्हॉट्सअपवर ‘सर टोटल २ लाख ४६ फायनल’ असं तर अजिबात नाही. ब्रेकअपमध्ये पहिली ओळ एक्स-शोरूम. त्यात कंपनीची मूळ किंमत आणि त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकला १८ टक्के जीएसटी आहे, आधी २८ होता. ३५० च्या वर गेलात की ४० टक्के. म्हणजे मधल्या साइजच्या एखाद्या ४४० सीसीच्या बाईकला आलिशान एसयूव्हीचा दर आणि छोट्या पेट्रोल कारला १८. असो, तो केंद्राचा मामला, त्यात मुंबईत बसून काही होत नाही.

दुसरी ओळ आरटीओ टॅक्स, म्हणजे राज्याचा एकरकमी कर, ज्याला आपण लाईफटाइम टॅक्स म्हणतो. महाराष्ट्रात दुचाकीला ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्याच्या वर २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि २९९ च्या वर १२ टक्के. हे दर आधी ८, ९ आणि १० होते, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि त्याच सुमारास राज्याने प्रत्येक पायरीवर दोन टक्के चढवले. तेव्हा पेपरात दोन दिवस आलं, मग सगळे विसरले.

आता गंमत बघा, हा टक्का कशावर लावतात? मूळ किमतीवर नाही, जीएसटी मिळवून जी किंमत होते तिच्यावर. एक्स-शोरूम दोन लाखाची ३५० सीसी बाईक धरू. त्यात मूळ किंमत साधारण १,६९,५०० आणि जीएसटी ३०,५००. आरटीओ टॅक्स १२ टक्क्याने २४,०००. यातले ३,६६० रुपये तुम्ही जीएसटीच्या रकमेवर भरताय, म्हणजे टॅक्सवर टॅक्स. कोणाला पटत नसेल तर आठवा, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरला तेव्हा राज्याने दराला हातही लावला नव्हता तरी आरटीओची रक्कम आपोआप दोनेक हजाराने खाली आली होती. का आली? कारण ती जीएसटीच्या खांद्यावर बसलेली होती.

एवढ्यावर थांबत नाही. पेट्रोल कारला दहा लाखापर्यंत दर आहे ११ टक्के. म्हणजे सहा लाखाची चार चाकांची गाडी, रस्त्यावर चौपट जागा खाणारी, सी लिंकपासून अटल सेतूपर्यंत सगळीकडे मोकाट जाऊ शकणारी, तिला ११ टक्के आणि दोन लाखाच्या माझ्या बाईकला १२. रुपयात कारवाला जास्तच भरतो, ते मान्य, पण दर माझा जास्त आहे. आणि खूप महागड्या गाड्यांसाठी एकरकमी कराला वर एक टोपी पण घातलेली आहे, आधी २० लाखाची होती, २०२५ च्या बजेटमध्ये ३० लाख केली, त्याच्या पुढे किंमत कितीही असो कर तेवढाच. दुचाकीवाल्याला कसली टोपी, हेल्मेट तेवढं आहे. टॅक्सवर टॅक्स आणि हा उलटा दर, हे दोन मुद्दे लक्षात ठेवा, पुढे आमदाराच्या पत्रात हेच कामाला येतात, बाकी ‘सरकार लुटतंय’ वगैरे लिहून काही होत नाही.

तर टॅक्स हा टॅक्स आहे, शोरूममध्ये त्याच्यावर घासाघीस होत नाही. घासाघीस त्याच्या आजूबाजूच्या ओळींवर करायची. मी गेल्या वर्षी घेतली त्या बाईकच्या कोटेशनमध्ये ‘आरटीओ व इतर’ अशी एकच ओळ होती, २९,८०० ची. मी विचारलं इतर म्हणजे काय. पोरगा म्हणाला सर तो पॅकेजच आहे. म्हटलं पॅकेज फोड. त्याने कीबोर्डवर काहीतरी टकटक केलं, मग आत गेला, मॅनेजर आला, चहा मागवला, आणि हळूहळू बाहेर पडलं: टॅक्स चोवीस हजाराच्या आसपास, रजिस्ट्रेशन फी ३००, स्मार्ट कार्ड २००, लोन असल्यामुळे बोजा चढवायचे ५००, आणि उरलेले सगळे ‘हँडलिंग, फाइल चार्जेस आणि एजंट’. हँडलिंग चार्जेस ही चीज कायद्यात कुठेच नाही. गाडी गोडाऊनमधून शोरूममध्ये आणणं हा डीलरचा धंदा आहे, तुमचं बिल नाही. मी म्हटलं ठीक आहे, हे पैसे देतो, पण याची वेगळी पावती द्या, जीएसटी नंबरसकट, त्यावर ‘हँडलिंग चार्जेस’ असं स्पष्ट लिहून. पावती काही आली नाही, साडेचार हजार कमी झाले. चहा मात्र चांगला होता.

हे वाक्य पाठच करून ठेवा, ‘वेगळी पावती द्या’. ओरडायची गरजच पडत नाही.

इन्शुरन्सचं पण तेच. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा आहे, त्याचे रेट ठरलेले आहेत, १५० ते ३५० सीसीला ७,३६५ अधिक जीएसटी, त्यात कोणी डिस्काउंट देणार नाही. पण ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग तुम्ही कुठूनही घेऊ शकता, डीलरकडूनच घ्या अशी सक्ती नाही, आणि मालक-चालकाचा १५ लाखाचा अपघात विमा तुमच्याकडे आधीपासून असेल तर दुसऱ्यांदा घ्यायची गरज नाही. ऑनलाइन एक कोटेशन काढून मोबाईलवर तयार ठेवा, समोर धरला की डीलरचा रेटही खाली येतो.

इलेक्ट्रिक स्कूटर घेणाऱ्यांनी तर डोळ्यात तेल घालून बघा. तिला राज्यात मोटार वाहन कर माफ आहे, केंद्राने रजिस्ट्रेशन फी पण माफ केलेली आहे, तरी कोटेशनमध्ये ‘आरटीओ’ म्हणून काही हजाराची ओळ दिसली की ती कसली ते विचाराच. माझ्या मेव्हण्याने विचारलं नव्हतं.

गाडी पासिंग होऊन नंबर पडला की काम संपलं असं समजू नका. परिवहनच्या वाहन पोर्टलवर जा, गाडी नंबर टाका, चासी नंबरचे शेवटचे आकडे टाका आणि पेमेंटची पावती काढा. त्यावर सरकारकडे नक्की किती रुपये गेले ते ओळीनिहाय असतं. ती पावती आणि डीलरचं कोटेशन शेजारी शेजारी ठेवा. फरक निघाला तर आधी डीलरला मेल, फोन नाही, मेल. आठवडाभर थांबा. मग ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि एक कॉपी त्या डीलरच्या आरटीओला द्या, कारण डीलरचं ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे धंद्याचा परवाना, आरटीओच देतं, त्यामुळे ग्राहक कोर्टापेक्षा त्याला त्या पत्राची धास्ती जास्त.

आता जुन्या गाडीचं. इथे चूक सरकारची कमी आणि आमच्या घराची जास्त होती, तरी सांगतो. बाबांची स्कूटर, २००८ च्या दसऱ्याला घेतलेली, झेंडूचा हार घालून चाळीच्या पटांगणात फोटो आहे. अलीकडे ती जिन्याखालीच असायची, उंदरांनी वायर कुरतडलेली, सीटवर कोणीतरी कायम ताडपत्री आणि मुलांची बॅट ठेवलेली. डिसेंबर २०२४ मध्ये मी सहज आरसी बघितली तर मुदत ऑक्टोबर २०२३ ला संपलेली. पंधरा वर्षं झाली की रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं असतं हे डोक्यातून गेलं होतं. रिन्यूअल फी दुचाकीला १,००० (आधी ३०० होती, एप्रिल २०२२ पासून वाढवली), ते एकवेळ ठीक. पण उशीर झाला की महिन्याला ३०० दंड. चौदा महिने म्हणजे ४,२००. वर पर्यावरण कर पाच वर्षांचा २,०००. वर नवीन नंबर प्लेट, एचएसआरपी, जीएसटी धरून ५३१. झाले ७,७३१. भंगारवाल्याने त्या स्कूटरचे सांगितले साडेचार हजार.

म्हणून आजच उठा आणि घरातल्या प्रत्येक गाडीच्या आरसीवरची तारीख बघा, बघाच. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो. ऑनलाइन अर्ज करून फी भरायची, अपॉइंटमेंट घ्यायची आणि गाडी घेऊन तपासणीला जायचं, त्याआधी इन्शुरन्स आणि पीयूसी चालू पाहिजे आणि नवीन प्लेट लावलेली पाहिजे. चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो, तो बाहेर एजंट शंभर-दोनशे घेऊन काढून देतात. स्वतः काढा, सोपं आहे: चासीवरची माती रॉकेलच्या फडक्याने पुसायची, पातळ कागद दाबून धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी करून हळूच घासायची, शाळेत नाण्याचं चित्र काढायचो तसं. मी तीनदा केलं तेव्हा ८ हा आकडा ३ सारखा दिसायचा थांबला, हात काळे झाले पण बाबा खूष. पर्यावरण कराची आणि रिन्यूअलची रक्कम मात्र भरायच्या आधी पोर्टलवर बघून घ्या, माझे आकडे त्या वेळचे आहेत आणि हे आकडे वरच जातात. वीस वर्षांच्या वरच्या दुचाकीची रिन्यूअल फी तर ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० केलीच.

आणि खरंच चालवायची नसेल तर रिन्यूअल करूच नका, मोह आवरा. पण नुसती भंगारवाल्याला पण देऊ नका, गाडी कागदावर तुमच्याच नावावर राहते आणि उद्या कोणी त्या चासीवर काही उद्योग केले तर पोलीस तुमच्या दारात. अधिकृत स्क्रॅपिंग सेंटरला द्या, ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात, आरसी रद्द होते आणि त्या सर्टिफिकेटवर नवीन गाडीच्या टॅक्समध्ये सवलत मिळते. आम्ही शेवटी तेच केलं. हाराचा फोटो भिंतीवर आहे.

मुंबई सोडून जाणाऱ्यांचे पैसे तर सर्रास बुडतात. लाईफटाइम टॅक्स म्हणजे तुम्ही या राज्याला पुढच्या वर्षांचे पैसे आधीच दिलेत. तीन वर्षांनी ट्रान्सफर होऊन बंगळुरूला गेलात, बाईक नेलीत, बारा महिन्यांच्या वर ठेवलीत तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला टॅक्स परत भरावा लागतो, आणि कर्नाटकात लाखाच्या वरच्या दुचाकीला दर १८ टक्के, हो अठरा. मग महाराष्ट्राने आधीच घेतलेल्या उरलेल्या वर्षांच्या पैशांचं काय? ते परत मिळतात, वापरलेली वर्षं वजा करून. पण आपणहून कोणी देत नाही, मागावे लागतात. जायच्या आधी इथल्या आरटीओतून फॉर्म २८ ची एनओसी घ्या (चलान बाकी असतील तर आधी भरा, लोन असेल तर बँकेचं पत्र लागेल), तिकडे रजिस्ट्रेशन करा, आणि मग तिथली नवी आरसी, तिथल्या टॅक्सची पावती, इथल्या टॅक्सची मूळ पावती आणि कॅन्सल चेक जोडून इथल्या आरटीओत रिफंडचा अर्ज. पत्राची पोच घ्या, महिना झाला की मेल, मग ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार. लोक इथेच सोडून देतात, कोण परत मुंबईला येऊन फेऱ्या मारणार म्हणून. माझ्या ऑफिसातल्या एकाने आईला मुखत्यारपत्र देऊन अर्ज केला, काकूंनी दर सोमवारी डबा घेऊन जाऊन त्या टेबलासमोर बसायला सुरुवात केली, पैसे आले.

वारंवार बदली होणारी नोकरी असेल, म्हणजे सैन्य, केंद्र-राज्य सरकार, सरकारी बँका, किंवा चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेली खासगी कंपनी, तर नवीन बाईक घेतानाच बीएच (भारत) सिरीजचा, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलणारा नंबर मागा. २०२१ पासून ही सोय आहे. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, दहा लाखाखालच्या पेट्रोल गाडीला ८ टक्क्याच्या हिशोबाने. फक्त दर दोन वर्षांनी आठवण ठेवा, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये लागतात. ज्याला गॅसचं बुकिंग आठवत नाही त्याने विचार करून घ्यावा.

आता भांडण. कर कोण लावतं? राज्य. वाहनांवरचा कर हा घटनेने राज्याच्या यादीत टाकलाय आणि दर आहेत १९५८ च्या महाराष्ट्र मोटार वाहन कर कायद्याच्या परिशिष्टात. म्हणजे दर बदलतो विधानभवनात, नरिमन पॉइंटला, आरटीओच्या खिडकीत नाही. तर पत्र जायला पाहिजे तुमच्या आमदाराला आणि कॉपी परिवहन मंत्र्यांना आणि अर्थमंत्र्यांना. वेळ डिसेंबर-जानेवारीची धरा. बजेट अधिवेशन फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला असतं, त्यानंतर लिहिलेलं पत्र वर्षभर फाइलीत झोपतं.

पत्रात तीन मुद्दे पुरे. एक, २९९ सीसीच्या वरच्या दुचाकीला १२ टक्के आणि दहा लाखापर्यंतच्या पेट्रोल कारला ११, हा उलटा उतार काढा. दोन, कर जीएसटीसकटच्या किमतीवर न लावता मूळ किमतीवर लावा. तीन, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये, आंध्रातल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या प्रकरणात पुन्हा सांगितलंय की मोटार वाहन कर हा भरपाईच्या स्वरूपाचा असतो, म्हणजे सार्वजनिक रस्ते वापरायला मिळतात त्याचा मोबदला. मग ज्या वर्गाला मुंबईतले सगळ्यात महागडे रस्ते वापरायला मनाई आहे त्याच्या दरात ते दिसायला नको का? हा तिसरा मुद्दा राजकीय मागणी म्हणून वापरा, याच्या जोरावर टॅक्स भरायचं थांबवू नका. त्या केसमधल्या गाड्या कारखान्याच्या कंपाउंडच्या आतच चालत होत्या, तुमची बाईक रोज पेडर रोडवर आहे.

पत्र रिकामं जाऊ नये म्हणून त्याआधी एक आरटीआय टाका. महाराष्ट्राचं ऑनलाइन आरटीआय पोर्टल आहे, फी १० रुपये. नियम असा की अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर, नाहीतर तेवढ्यावरच परत येतो, म्हणून राग गाळून लिहा. मी लिहिलेला असा होता, उचला बिनधास्त:

‘विषय: दुचाकींवरील एकरकमी कर. ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली या कार्यालयांत मागील तीन आर्थिक वर्षांत दुचाकी वाहनांवर जमा झालेल्या एकरकमी कराची वर्षनिहाय व इंजिन क्षमतेनिहाय रक्कम कळवावी. २०१७ मधील करवाढीच्या वेळी दुचाकींचे दर ठरवण्याबाबतच्या टिपणीची प्रत द्यावी.’

‘का वाढवला’, ‘हे योग्य आहे का’ असले प्रश्न विचारू नका, माहिती अधिकारी मत द्यायला बांधील नाही, तो कागद द्यायला बांधील आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, फी २० रुपये. उत्तरातला आकडा पत्राच्या पहिल्या ओळीत टाका. आमदाराकडे तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, नावाचं हत्यार असतं, पण त्याच्या पीएला तयार प्रश्न टाइप करून दिलात तर तो वापरला जायची शक्यता जास्त, त्यांना रोज गटार आणि पाण्याचीच पत्रं येतात.

एकट्याने जाऊ नका. सोसायटीत, चाळीत, डिलिव्हरीवाल्या पोरांत फिरून सह्या घ्या, प्रत्येक सहीपुढे गाडी नंबर आणि भरलेला टॅक्स लिहायला लावा, आमच्या एका चाळीतच चाळीस सह्यांची बेरीज साडेतीन लाखाच्या वर गेली. पत्र आमदाराच्या ऑफिसला हाताने द्या, दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, ‘शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे, ते चारला येतील’ म्हणाले तर चारपर्यंत बसा.